स्लॅब झाला, घर अजून बाकी

बंदीचा काळ लागला की घरोघरी दोन कामं निघतात. एक जाळ्यांचं, दुसरं घराचं. जाळी सांधून होतात. घराचं अडलेलं काम मात्र आहे तिथंच राहतं, कारण बंदी नेमकी पावसात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै. हात मोकळे असतात, पण वाळू ओली, सिमेंट दमट, गवंडी आपल्या शेतावर, आणि गाठीला मागच्या हंगामाचं जे उरलं असेल तेवढंच. दिवाळीनंतर आभाळ मोकळं होतं, गवंडी मोकळा होतो, तेव्हा आपण पाण्यावर. मासळी मारायचा हंगाम आणि घर बांधायचा हंगाम एकच आहे, हे आपल्या अर्धवट घरांचं पहिलं कारण. मच्छीमाराच्या हातात पैसा टिकत नाही म्हणून घर पुरं होत नाही, असं लोक बोलतात. आम्हाला ते पटत नाही. आधी कॅलेंडर बघा, मग बोला.

आज किनारा सोडून जरा आत जाऊ. मध्य प्रदेशातला धार जिल्हा. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं, त्यामुळे मराठी घरं तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. धारच्या पश्चिमेला सरदारपूर, मही नदीच्या काठावर. इंग्रजांच्या काळात इथं माळवा भिल्ल पलटणीची छावणी होती. मही याच तहसिलीत मिंडा गावाजवळ उगम पावते आणि राजस्थान-गुजरातमधून फिरत खंभातच्या आखाताला मिळते, म्हणजे शेवटी आपल्याच समुद्रात. तिथल्या मच्छीमारांचं काम नदीतल्या डोहांत, तलावांत, आणि खाली नर्मदेकडे गेलं की सरदार सरोवराच्या फुगवट्यात. तिकडची बंदी १६ जून ते १५ ऑगस्ट. तारखा थोड्या वेगळ्या, अडचण तीच.

पण तिकडे आणखी एक गोष्ट आहे जी आपल्याकडे सगळीकडे नाही, आणि स्वतः घर बांधणाऱ्याने ती समजून घ्यायलाच हवी. ती म्हणजे काळी माती.

माळव्याचं पठार बेसॉल्टचं. त्या दगडाची झीज होऊन जी माती झाली तीच कापसाची काळी. शेताला सोनं, घराला वैरी. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात सुकली की आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर घर असेल तर घरही तिच्याबरोबर वरखाली होतं. सगळं घर सारखं हललं असतं तरी चाललं असतं. तसं होत नाही. भिंतीच्या बाहेरची माती भिजते, घराखालची कोरडी राहते. एक कोपरा उचलला जातो, दुसरा तिथंच. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं आणि मे महिन्यात आपोआप सुटतं. दार असं वागत असेल तर सुताराला दोष देण्याआधी जमिनीकडे बघा.

यावर उपाय नवा नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी खाली फुगीर डोकं असलेले खांब, ज्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात, ते विकसित केले. खोल काळ्या मातीत हे खांब किमान साडेतीन मीटर खाली नेतात, कारण पावसाचा ओलावा आणि उन्हाळ्याचा कोरडेपणा साधारण तितक्या खोलीपर्यंत माती हलवतो. एका-दोन खोल्यांच्या घराला एवढा खर्च झेपत नाही हे आम्हालाही कळतं. मग निदान एवढं करा: काळी माती उथळ असेल तर ती खणून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत पाया न्या. फार खोल असेल तर पायाच्या खाली आणि बाजूला काळी माती परत न भरता मुरूम भरून ठोकून घ्या. खांब घ्या, आणि जोत्याच्या पातळीला सगळ्या घराला फिरणारा सळयांचा पट्टा घ्या. तसाच पट्टा खिडक्या-दारांच्या वरून घ्या. दगडी पाया आणि वर नुसत्या विटा, मध्ये पट्टा नाही, अशी घरं काळ्या मातीत फाटतात.

पाया झाला, घर उभं राहिलं, आता काय? आता पाणी. काळ्या मातीच्या घराचं अर्धं आयुष्य पाणी भिंतीपासून लांब ठेवण्यात आहे. घराभोवती तीन-चार फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला पक्का कोबा करा. पत्र्याची किंवा गच्चीची पन्हळ भिंतीलगत पडू देऊ नका. झाड भिंतीजवळ लावू नका, त्याची मुळं उन्हाळ्यात पायाखालचं पाणी शोषतात आणि माती बसते. आणि इथं आपली जुनी सवय आड येते. मासळी धुवायची कुठं? मागच्या दाराशी. जाळं खंगाळायचं कुठं? भिंतीला टेकून. बर्फाची पेटी रिकामी करायची कुठं? तिथंच. रोज एका कोपऱ्यात दोन-चार बादल्या पाणी मुरवलं की तो कोपरा बाराही महिने फुगलेला राहतो आणि बाकी घर ऋतूप्रमाणे हलतं. घराला चीर पाडायचा याहून सोपा मार्ग नाही. धुण्याचा ओटा भिंतीपासून वेगळा, आणि त्याचं पाणी नळीने लांब. हे काम टाइल्सच्या आधी करायचं.

आता त्याच जिल्ह्यात दक्षिणेला जाऊ. विंध्याचा उतार उतरून कुक्षी, मनावर, धरमपुरी, म्हणजे नर्मदेचा काठ. सरदार सरोवरामुळे धार जिल्ह्यातली निसरपूर, चिखलदा यांसारखी गावं बुडीतात गेली. १९७९ च्या नर्मदा पाणी तंटा लवादाच्या निवाड्यात विस्थापित कुटुंबाला घरासाठी ६० फूट बाय ९० फूट भूखंड मोफत द्यायचं ठरलं होतं. ५,४०० चौरस फूट. ऐकायला मोठं वाटतं. पण भूखंड म्हणजे घर नाही. घर ज्याने त्याने बांधायचं होतं.

८ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला, आणि बुडीतातली घरं सोडण्याची शेवटची तारीख ठरली ३१ जुलै २०१७. तारीख परत वाचा. ३१ जुलै. भर पावसाळा, तिकडची मासेमारी बंद. ज्या कुटुंबाचं पोट नदीवर, त्याने कमाई शून्य असताना, काळ्या मातीच्या चिखलात, नवं घर उभं करून त्यात जायचं. मध्य प्रदेश सरकारने त्या वर्षी घरासाठी ५ लाख ८० हजार रुपयांचं पॅकेज जाहीर केलं आणि तात्पुरत्या राहण्यासाठी पत्र्याच्या शेड उभारल्या. तात्पुरत्या म्हणून गेलेली काही कुटुंबं त्या शेडमध्ये पुढे वर्षं काढत राहिली. धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरलं सप्टेंबर २०१९ मध्ये. मग सप्टेंबर २०२३ मध्ये पुराच्या फुगवट्याचं पाणी पुन्हा घरांत शिरलं.

पुनर्वसन वसाहतींच्या कामाच्या दर्जाचा आणि भूखंडांच्या वाटपातल्या गोंधळाचा तपास न्यायमूर्ती एस. एस. झा आयोगाकडे होता. आम्ही इथं त्या मोठ्या वादात जात नाही, त्यावर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. आम्हाला बोलायचंय ते घर पुरं करणाऱ्या माणसाबद्दल.

जुनं घर मोडून नव्या जागी नेताना लोक काय नेतात? दारं, चौकटी, वासे, कवेलू, देवघराचा कोनाडा झाकणारी फळी. फेकवत नाही ना. पण जुनं दार जुन्या मापाचं. जाड मातीच्या भिंतीसाठी केलेली खोल चौकट नऊ इंची विटेच्या भिंतीत बसवली की एका बाजूला बाहेर येते, आणि तिथला गिलावा दोन वर्षांत सुटतो. बसवायचीच असेल तर भिंत बांधतानाच चौकट उभी करा, लोखंडी पट्ट्या विटांच्या थरात रुतवा. नंतर भोक पाडून बसवलेली जुनी चौकट कधी घट्ट बसत नाही. कवेलू आणायचे तर आधी वाशांचा उतार ठरवा, नाहीतर पाणी उलटं येतं. आणि कवेलूवर माकडं नाचतात हे माळव्यातल्या माणसाला सांगायला नको.

दुसरी अडचण आम्हाला जास्त मोठी वाटते. नदीकाठचं घर सुटलं की नाव एकीकडे आणि घर एकीकडे. सरोवराचा काठ एका जागी राहत नाही. पावसाळ्याअखेर पाणी वर, उन्हाळ्यात खाली, मध्ये गाळ. नाव लावायची जागा वर्षभर सरकत राहते. मग जाळं रोज डोक्यावरून घरी आणायचं की काठावर ठेवायचं? काठावर ठेवलं तर चोरीची भीती आणि ऊन. नायलॉनचं जाळं उन्हात पडून राहिलं की धागा कमजोर होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे जाळं घरी येणार. आणि घराच्या नकाशात त्याला जागा नसते.

हा नकाशा कुठून येतो ते बघू. सरदारपूर असो की आपलं गाव, बहुतेक नवी घरं आज प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातली. आपल्याकडे आपण त्यालाच घरकुल म्हणतो. योजनेची मदत सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. संडाससाठी वेगळे १२ हजार, आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. ठेकेदार लावायचा नाही, घर लाभार्थ्यानेच बांधायचं, असा नियमच आहे. म्हणजे ही सरकारी मदत असली तरी घर आपल्या हातचं. पैसे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेच्या खुणेसकट अपलोड झाल्यावर.

आता हिशेब करू. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. १ लाख २० हजार भागिले २६९, म्हणजे चौरस फुटाला साधारण ४४६ रुपये. तुमच्या गवंड्याला विचारा या भावात तो काय काय करून देईल. पाया, भिंती, स्लॅब होईपर्यंतच पैसे संपतात. दार, खिडक्या, गिलावा, फरशी, वीज, मोरी सगळं आपल्या खिशातून. म्हणून गावोगाव तेच दृश्य: स्लॅब आहे, विटा उघड्या आहेत, खिडकीला गोणपाट आहे, आणि आत माणसं राहतायत.

राहायला जाण्याची घाई समजते. भाडं वाचतं, किंवा भावाच्या घरातली अडचण संपते. पण राहायला जाण्याआधी काही गोष्टी व्हायलाच हव्यात, आणि त्यांचा क्रम आमच्या मते लोक उलटा लावतात. समोरच्या भिंतीला टाइल्स आणि रंग आधी, गच्चीचा उतार नंतर. पाहुण्याला दिसतं ते आधी. आम्ही म्हणतो, पाणी जिथून येतं ते आधी.

गच्ची बघा. स्लॅब टाकला की त्यावर निदान सात दिवस पाणी साठवून ठेवायचं. सिमेंटच्या गोणीवर पीपीसी किंवा स्लॅग सिमेंट लिहिलेलं असेल, जे आजकाल बहुतेक असतंच, तर दहा दिवस. भारतीय मानक ४५६ मध्ये हे लिहिलेलं आहे, कुणाच्या मनचं नाही. खालचे टेकू काढायची घाई सेंटरिंगवाल्याला असते, त्याला माल दुसऱ्या साइटवर न्यायचा असतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांआधी काढू देऊ नका, त्याहून मोठा गाळा असेल तर चौदा दिवस, आणि बीमखालचेही चौदा. याबाबतीत आम्ही कडक आहोत. भांडण झालं तर होऊ दे.

मग गच्चीला उतार देऊन कोबा, आणि भिंत-गच्चीच्या सांध्यात वाटा काढून घ्या. उतार नसलेली गच्ची म्हणजे तलाव. वर टाकी ठेवणार असाल तर हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, ती भिंतीवर किंवा बीमवर ठेवा, स्लॅबच्या पोटावर नाही. कठडा होईपर्यंत मुलांना गच्चीवर जाऊ देऊ नका. हे वाक्य साधं आहे, पण जिना झालाय आणि कठडा नाही, अशी घरं किती आहेत ते मोजा एकदा.

गिलाव्याचे पैसे अर्धेच असतील तर? लोक आतून करतात. आम्ही म्हणू, पावसाचा मारा ज्या बाजूला येतो, आपल्याकडे बहुतेक नैर्ऋत्येची भिंत, ती बाहेरून आधी करा. उघडी वीट पाणी पिते आणि ओल आत येते. आत केलेला गिलावा मग लोणा धरतो, पापुद्रे सुटतात, आणि केलेलं काम परत करावं लागतं. पहिल्या वर्षी रंगावर पैसे घालू नका. भिंत सुकू दे, चिरा पडायच्या त्या पडू दे, तोवर चुना चांगला. काळ्या मातीच्या घराला तर एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्यायचा, मग चिरा भरायच्या, मग पुट्टी.

विजेच्या नळ्या गिलाव्याआधी भिंतीत बसल्या पाहिजेत. नंतर खाचा पाडल्या की भिंत कमजोर आणि खर्च दुप्पट. पैसे नसतील तर नुसत्या नळ्या आणि पेट्या बसवून ठेवा, तारा नंतर ओढता येतात. अर्थिंग आणि गळती झाली की बंद पडणारा आरसीसीबी यावर मात्र तडजोड नको. आपल्या घरात हात ओले, जमीन ओली, बर्फाचं पाणी सगळीकडे. आपल्यासारख्या घराला तो स्विच टीव्हीच्या आधी हवा.

संडासाचे खड्डे दोन घ्या, आळीपाळीने वापरायचे. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून खड्डे मोठे, आणि बाहेरून चोहीकडे फूटभर जाडीचा रेती-खडीचा थर. नाहीतर पहिल्याच पावसात खड्डा वर येतो आणि मग तो संडास गोवऱ्या ठेवायला वापरला जातो. कागदावर घर पूर्ण, फोटोत दार-भांडं सगळं आहे, आणि माणसं बाहेर. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर खड्डा तिच्यापासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला.

किनाऱ्यावरच्या वाचकांनी काळ्या मातीचं वाचून निःश्वास सोडला असेल तर थांबा. आपला वैरी वेगळा आहे, तो हवेतून येतो. खारं वारं सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंजलेली सळई फुगते, आणि स्लॅबचे पोपडे खाली पडतात. पंधरा-वीस वर्षांत छताच्या सळया दिसायला लागलेली घरं आपल्या प्रत्येक वाड्यात आहेत. सळईवर काँक्रीटचं जे आवरण राहतं, ते आतल्या कोरड्या प्रदेशात २० मिलिमीटर पुरतं, पण उघड्या किनारी हवेसाठी मानकात ४५ मिलिमीटर सांगितलंय. गवंडी सळईखाली खडीचे तुकडे सरकवतो, ते पायाखाली सरकतात आणि सळई फळीला टेकते. सिमेंटचे कव्हर ब्लॉक घ्या, एकदम स्वस्त असतात, स्लॅबच्या दिवशी स्वतः उभं राहून लावून घ्या. समुद्राची वाळू नको, खाडीचं पाणी नको, पाणी मारायलासुद्धा नको. आणि पुढच्या मजल्यासाठी खांबांतून वर काढून ठेवलेल्या सळया! दहा-दहा वर्षं उघड्या. मुलगा मोठा झाल्यावर वरचा मजला बांधायला निघतो तेव्हा त्या सळईचं बारीक काटकीसारखं झालेलं असतं. त्यांना सिमेंटचा दाट लेप द्या, किंवा हलक्या काँक्रीटमध्ये गाडून ठेवा, वेळ येईल तेव्हा फोडता येतं.

पत्र्याचं छप्पर करणाऱ्यांनी ३ जून २०२० आठवावा. रायगड किनाऱ्यावर निसर्ग वादळ आलं, आणि पत्रे, कौलं गावभर उडाली. त्यानंतर पत्रे मिळेनात आणि सुतार मिळेनात. पत्र्याच्या कडेच्या आणि कोपऱ्यांच्या ओळीत हुक जास्त लावा, वारा तिथूनच पत्रा उचलतो. वासे भिंतीवर नुसते ठेवू नका, पट्टीने भिंतीतल्या सळईला बांधा. आत धारकडे वादळाची भीती कमी, पण मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी माणूस बसू शकत नाही. तिथं छताखाली चटई-बांबूचा माळा आणि पत्र्यावर चुन्याचा पांढरा लेप, एवढ्यानेसुद्धा फरक पडतो.

आता जाळ्याकडे परत येऊ, कारण घर पुरं झालं असं केव्हा म्हणायचं हे आपल्यासाठी तिथंच ठरतं. २५ चौरस मीटरमध्ये चूल, झोपणं, मुलांचा अभ्यास, आणि त्यात जाळी, दोर, बोया, बर्फाची पेटी, कुणाकडे आउटबोर्ड इंजिन, रॉकेल-पेट्रोलचा कॅन. इंजिन आणि कॅन झोपायच्या खोलीत ठेवलेली घरं आम्ही पाहिलीत. हे थांबायला हवं. एक तर आगीची भीती, आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, चुलीपर्यंत जाते. मच्छीमारांसाठीच्या जुन्या केंद्रीय घरयोजनेत जोत्याचं क्षेत्र ३५ चौरस मीटर धरलं होतं. घरकुलाहून दहा मीटर जास्त. आमचं मत विचाराल तर त्या दहा मीटरांतच आपला धंदा बसतो.

ती जागा सरकार देईपर्यंत वाट बघू नका. मागच्या किंवा बाजूच्या भिंतीला धरून पडवी काढायची सोय आधीच करून ठेवा. म्हणजे त्या भिंतीत वासे टेकवायला खाचा किंवा लोखंडी हुक बांधतानाच ठेवायचे, पैसे येतील तेव्हा वासे आणि पत्रा. स्लॅब टाकण्याआधी पंख्याच्या हुकांबरोबर जाळी टांगायचे चार-सहा जाड हुक सळईला बांधून टाका. हा खर्च जवळपास काहीच नाही, आणि नंतर ड्रिल मारून तसा भक्कम हुक बसत नाही. जाळं जमिनीवर राहिलं की उंदीर आणि ओल, टांगलं की दोन्ही नाही. दारांच्या उंचीवर काँक्रीटचा एक माळा काढला तर बंदीच्या दोन महिन्यांत सगळं सामान वर जातं आणि खाली माणसं मोकळी. बाहेरचा ओटा मासळी साफ करायला पुरेल एवढा रुंद ठेवा, बायकांना उकिडवं बसून तासन्‌तास काम करावं लागू नये म्हणून कमरेइतका उंच. घराचा नकाशा काढताना घरातल्या बाईला विचारलं असतं तर हा ओटा आधीच असता. योजनेत घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करायची तरतूद आहे. नाव तिचं, मग ओट्याची उंची तिच्या मापाची का नको?

पैशाचं शेवटी बोलतो, पण ते शेवटचं नाही. घराचा गिलावा उचल घेऊन केला की ती उचल कुणाकडून? बहुतेकदा मासळी घेणाऱ्या दलालाकडून. मग पुढच्या हंगामात मासळी त्यालाच, भावही त्याचाच. एका भिंतीच्या गिलाव्यासाठी अख्खा हंगाम गहाण जातो. दुसरा मार्ग किसान क्रेडिट कार्डाचा. २०१८-१९ पासून ते मच्छीमारांनाही मिळतं. पण ते खेळत्या भांडवलासाठी आहे, म्हणजे डिझेल, बर्फ, जाळी. ते पैसे स्लॅबमध्ये गेले की ऑगस्टमध्ये बोट काढायला पुन्हा दलालाचंच दार. घरकुलाच्या लाभार्थ्याला ७० हजारांपर्यंत बँकेचं कर्ज मिळण्याची तरतूद योजनेत आहे, ती आधी विचारा. बँकेत जाताना एकटे जाऊ नका, संस्थेचा कुणीतरी बरोबर न्या.

आणि साहित्य एकदम भरू नका. सिमेंट तीन महिने पडून राहिलं की ताकद घटते, दमट हवेत त्याहून लवकर. ज्या आठवड्यात काम, त्या आठवड्यात गोणी. ठेवायच्याच तर फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, ताडपत्रीखाली. विटा आणि खडी मात्र पावसाने बिघडत नाहीत, ती उन्हाळ्यात स्वस्त असताना घ्या. रेती घरासमोर पसरून ठेवली की अर्धी मुलांच्या पायांनी आणि अर्धी पहिल्या पावसाने जाते, तिच्याभोवती विटांची एक रांग लावा.

यंदाच्या बंदीत गच्चीचं, गिलाव्याचं काम काढू नका. पण पावसात करण्यासारखी कामं आहेत. भर पावसात घराभोवती एक फेरी मारा आणि पाणी कुठं साठतं, कुठून आत येतं, कुठली चीर रुंदावते ते कोळशाने भिंतीवरच लिहून ठेवा, तारखेसकट. वायरिंगच्या तारा ओढणं, दारांना कड्या, आतला माळा, हुकांना जाळी टांगणं, हे छताखालचं काम. घरपट्टीवर नाव चढलंय का, मीटर कुणाच्या नावावर आहे, शेवटच्या हप्त्याचा फोटो अपलोड झालाय का, हे ग्रामपंचायतीत जाऊन बघायलाही हाच काळ बरा. गवंड्याला मात्र आत्ताच सांगून ठेवा. नारळी पौर्णिमेनंतर तुम्ही पाण्यावर असाल, आणि दसऱ्यानंतर त्याला गाठणारे तुमच्या आधी दहाजण असतील.